कोजीच्या खोलीचं दार

टोकावड्याच्या नाक्यावर एसटी सुटायला लागली तेव्हा आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "कुनी उंबऱ्यात थांबवलं तर थांबायचं नाय गो. आमी लय थांबलो." बाबा नुसते चष्मा पुसत राहिले. दोन हजार तीन साल होतं. डिझाइन शिकून मी जपानला निघाले होते, सोया सॉसच्या कारखान्यात. चायनीजच्या गाडीवरचा तो काळा सॉस, असं सांगितल्यावर आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या उडालेल्यांनो, तिथे मी घातलेला घोळ आपल्याकडे आईशिवाय कुणाला ठाऊक नाही. आज तुम्हालाही सांगते.

कारखाना लाकडी पिंपांचा, जुना. मालक सत्तरीचे, मी त्यांना आजोबाच म्हणायचे. त्यांचा मुलगा टोकियोत बँकेत. त्याने साफ सांगितलं होतं, "बाबांचा हात मला यायचा नाही. स्क्रीनवर शिकता आलं तर येतो, नाहीतर या हंगामानंतर बंद करा." ते स्क्रीनवर आणायचं काम माझं. उकडलेल्या सोयाबीनवर नि भाजलेल्या गव्हावर बुरशी धरवतात, तिला कोजी म्हणतात. आजोबा हात घालून तिची ऊब ओळखायचे, आणि माझे सेन्सर ते टिपायचे. हंगामातली शेवटची कोजी तेवढी नोंदवायची राहिली होती.

त्या सकाळी कोजीच्या खोलीच्या दारात आजोबांनी हात आडवा धरला. "आज काय खाल्लंस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही काय खाता, हा प्रश्न आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. त्याच्यामागून 'बाहेरच बसा' येतं. सातवीत एका मैत्रिणीच्या ओटीवर मला वरून ओंजळीत पाणी ओतलं होतं, ते अजून जळतं. "काही नाही," म्हणाले आणि ताठ मानेने आत शिरले. खाल्लं होतं, घरमालकिणीने वाढलेलं नात्तो. म्हणजे तारा सुटणारे आंबवलेले सोयाबीन.

तिसऱ्या दिवशी कोजी चिकट झाली, वास सहन होईना. नात्तोचे जंतू कोजीचा सत्यानाश करतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, मला ते त्या दिवशी कळलं. आजोबा मुकाट्याने एकेक ट्रे रिकामा करत होते. हवा दमट होती असं मी म्हणाले असते तर खपलं असतं. पण नाही राहवलं. नात्तो सांगितलं, मग ओटीवरचं पाणीही सांगितलं.

आजोबा पायरीवर बसले. म्हणाले, "मला बायको रोज विचारायची. मुलालाही मी विचारायचो. तुला कारण सांगितलं नाही, ते चुकलं माझं."

मुलगा फोनवर भडकला, पण त्याने एक हंगाम वाढवून दिला. पुढच्या वर्षी स्क्रीनच्या पहिल्या पानावर मी तोच प्रश्न टाकला आणि खाली कारण लिहिलं. त्या पानापासून मुलगा शिकला. कारखाना चालू आहे.

आता घर म्हटलं की मला दारं आठवतात. आपल्याकडच्या त्या दारांनी कधी कारण दिलं नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतंच. जिथे अडवणारा कारण सांगतो आणि स्वतःही तो नियम पाळतो, ते मला घर वाटतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती सावध होऊन म्हणाली, "मंग आता तुला आत घेतात ना?"

"घेतात. पण रोज विचारतात."

"तुलाच?"

"नाही गो. मालकालासुद्धा."

आई म्हणाली, "मालकाला पन इचारतात? मंग थांब तू दारात."