प्रार्थनेचं पान

"आता असं पाहा, मास्तर," म्हणत पादरीबाबा टाकाचं टोक झग्याच्या बाहीला पुसायचे. त्यामुळे पांढऱ्या झग्याची उजवी बाही कायम निळी. परदेशातून येऊन मंगरूळपीरला राहिलेला हा माणूस देवावर मराठीत ग्रंथ लिहीत होता. भाषा मी सुधारायचो आणि पक्की प्रतही मीच उतरवायचो, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे.

अशी हट्टी विद्वान माणसं तुम्हीही पाहिली असतील. देव, सृष्टी, पाप, तारण सगळं ओळीनं बसलं होतं. प्रार्थनेचं प्रकरण तेवढं कुठे बसेना. कधी ग्रंथाच्या सुरुवातीला, कधी शेवटाला. दर वेळी पानं पुन्हा उतरवायची मीच. अगदी जीव मेटाकुटीला आणला त्यांनी.

एकदाची त्याची जागा ठरली आणि त्यातलं मुख्य पानही लिहून झालं. देवाचं मन बदलत नाही, प्रार्थनेनं बदलतो तो मागणारा. मला फार पटलं ते. ठसठशीत अक्षरात उतरवून काढलं.

त्याच महिन्यात माझी शेवंता मुदतीच्या तापानं पडली. सहा वर्षांची पोर. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बायको म्हणाली, "पादरीबाबाले बलवा. त्यायचा देव तरी आयकन."

ते पान माझ्याच हातचं. तरी गेलो.

ते आले, खाटेशी गुडघे टेकले आणि पुस्तक उघडून लॅटिनमध्ये म्हणू लागले. चार ओळींत अडखळले. मग पुस्तक मिटून आमच्याच बोलीत म्हणाले, "इले नेऊ नको. देवा, इले ठेव." तेच, तेच, कितीतरी वेळ. एवढा शिकलेला माणूस, पण माझ्याइतकाच लाचार. मला त्यांच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंता गेली.

तेराव्यानंतर ते घरी आले. "मास्तर, ते पान खोटं नाही," म्हणाले, "पण त्या दिवशी मला ते आठवलंच नाही. ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगा."

मी सगळी पानं तशीच बांधून पेटीत ठेवली. पुढे त्यांची बदली झाली आणि ते तिकडेच वारले. प्रत माझ्याकडे राहिली.

परवा पेटी आवरताना बायकोनं ती चळत मांडीवर घेतली. तिला वाचता येत नाही.

"यात आपल्या शेवंताचं लिवलं असन नं त्यायनं?"

"हो," मी म्हणालो.

"कुठं हाय? दाखवा बरं."

मी तेच पान काढून दिलं. ती त्यावर बोट फिरवत बसली.