बांगडी न फुटता पडायचं

हल्ली लोक हौसेनं, पैसे भरून विमानातून उड्या मारतात. स्कायडायव्हिंग म्हणतात, खेळच आहे तो. टीव्हीवर दिसलं की घरातली पोरं हाका मारतात, "आजी, तुझा खेळ लागला!" मी जाऊन बघते आणि दरवेळी एकच सांगते. बाबांनो, उडी मारणं सोपं आहे. या खेळात आधी पडायला शिकावं लागतं.

मी शिकले ते आमच्या ज्वारीच्या शेतात, जानेफळच्या अलीकडे. नवा महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला कॉलेजात होते, तिथल्या परेडच्या तुकडीत. एके दिवशी परेडच्या सरांनी विचारलं, आग्र्याला छत्री बांधून विमानातून उडी मारायचं शिबिर आहे, मुलीही घेणार आहेत, कोण येतं? माझा हात वर गेला. गेला ते मला नंतर कळलं.

सर म्हणाले, "वडिलांची सही आण. आणि तोवर पडायची तालीम कर." म्हणजे कसं, तर दोन्ही पाय जुळलेले, गुडघे जुळलेले, कोपरं छातीशी घट्ट. पाय जमिनीला लागले की कुशीवर लोळण घ्यायची. हात मात्र टेकवायचा नाही. माणूस पडताना हात पुढे करतो, आणि तिथंच मनगट जातं.

सुट्टीत घरी आले तर ज्वारी हुरड्यावर. पाखरं हाकलायला गोफण घेऊन मचाणावर उभं राहायचं काम माझं. खाली भुसभुशीत काळी माती. मग काय, आजूबाजूला कोणी नाही बघून मी मचाणावरून उड्या मारायला लागले! पण हात काही ऐकेना. दरवेळी पुढे जायचा आणि बांगड्या फुटायच्या.

गावात बांगड्या भरणारी कासारीण होती. ती आईला म्हणाली, "तुमची पोरगी बांगड्या खाते का काय वं? परवाच त भरल्या!"

आई दुसऱ्या दिवशी ज्वारीत लपून बसली. मी उडी मारली तशी ओरडत धावत आली.

"काय झालं वं तुले? कोनी काही बोललं का? जीव काऊन देऊन राह्यली?"

मला हसू आवरेना. मग सगळं खरं सांगितलं. ती मटकन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली.

"इमानातून? अन् हातपाय मोडला त?"

"नाही मोडत माय. पडायचं कसं ते शिकवतात."

"शिकवतात म्हणे! तू त रोज बांगड्या फोडून राह्यली."

कासारणीला तिनं शेतातच बोलावलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरून घेतले आणि म्हणाली, "आता मार उडी. एक जरी फुटली त सही नाही, अन् कॉलेजही बंद. घरी बसजो."

कॉलेज बंद! मचाण रोजचंच, पण त्या दिवशी मला ते झाडाएवढं उंच वाटलं. शेजारच्या शेतातल्या बायाही येऊन उभ्या राहिल्या. "हिले मुंजा लागला काय वं?" एक म्हणाली. मी कोपरं छातीशी आवळली आणि उडी टाकली. लोळले. नुसती किणकिण झाली. आईनं माझे हात उलटेपालटे करून एकेक बांगडी पाहिली, आणि तशीच घरी गेली.

बाबांनी विचारलं, "कुठं चालली पोरगी?"

"वरून खाली," आई म्हणाली. "तुमी सही करा."

आग्र्याला उडी शिकवणाऱ्या उस्तादांनी हातातली काच आधी उतरवायला लावली. बांगड्या रुमालात बांधून ट्रंकेत ठेवल्या. विमानात छत्रीची दोरी वरच्या तारेला अडकवलेली असते. आपण बाहेर पडलो की तिला ओढ बसून छत्री आपोआप उघडते. दारात वारा असा की डोळे मिटावेत. मागून आरोळी आली, आणि मी गेले! एक हिसका, आणि मग अशी शांतता, की शेतातसुद्धा कधी नसते. बाकीच्या मुलींना म्हणे ताजमहाल दिसला. मला माझे जुळलेले गुडघे दिसत होते.

जमीन धावत वर आली. मनगटं मोकळी, पण कान बांगड्यांकडेच! कोपरं हललीच नाहीत. कुशीवर लोळले आणि उभी राहिले.

"शाबाश बेटी! किसने सिखाया?" उस्ताद म्हणाले.

"चूडीवाली ने," मी म्हटलं.

गावात एस.टी.तून उतरले तर आई उभी. तिनं माझ्या पायांकडे पाहिलंच नाही. मोकळी मनगटं पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"फुटल्या?"

मी रुमाल सोडला. सगळ्या अख्ख्या. "काढायले लावल्या माय. पन हात नाही टेकला."

तिथंच, रस्त्यावर, तिनं त्या माझ्या हातात भरल्या. मग जवळची वाट सोडून भर गावातून मला नेलं. दारादारात सांगत, "उतरली वं माही पोरगी! ढगातून उतरली!"

कासारणीनं माझे हात बघितले. "एकही नाही फुटली? मंग म्या इकू काय?"

"इकजो," आई म्हणाली. "आता गावच्या साऱ्या पोरी मचानावरून उड्या मारतीन."

आणि मारल्याच! पुढच्या हंगामात आमच्याकडच्या पाखरांनी ज्वारी अगदी निवांत खाल्ली.