अहो दिगंबर ढवळे

बातमी आली ती बसच्या ग्रुपवर. निगडीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचा हा ग्रुप. बस कुठवर आली, आज कोण येणार नाही, एवढ्यासाठी काढलेला. सकाळी मी स्पाइन रोडच्या थांब्यावर उभा होतो आणि फोनवर दोन ओळी आल्या... दिगंबर ढवळे झोपेतच गेले. त्याखाली लगेच कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ टाकलं होतं. त्याला बातमी दिसली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तोच माणूस बसमध्ये मला म्हणाला, "वाईट झालं राव," आणि पडदा ओढून झोपला.

दिगंबर मूळचा परभणीकडचा, आमच्या कंपनीत क्वालिटीला होता. निगडीला पहिल्याच थांब्यावर चढायचा आणि शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून माझी जागा धरायचा. चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे बस अडकली की सगळे सरकारला, पोलिसांना, नशिबाला शिव्या घालायचे. हा फोन काढून एका अंगठ्याने लिहायला लागायचा. त्याचं सगळं लेखन त्या कोंडीत झालेलं आहे. विषय साधेच. रद्दीच्या दुकानात मिळालेलं संसारसुखावरचं पुस्तक, ज्यावर ‘प्रिय सुनंदास लग्नानिमित्त’ असं लिहिलेलं होतं आणि ज्याची एकमेकांना जोडलेली पानंही कुणी कापलेली नव्हती. एका सिनेमातला हिरो, जो जळत्या गाडीतून उडी मारतो तेव्हा सगळं थिएटर शिट्ट्या वाजवतं आणि दिगंबरला मात्र त्या गाडीचे ब्रेक कुणी पास केले याची काळजी लागते. लिहून झालं की तो मला हळू आवाजात वाचून दाखवायचा. "हसायलास ना? मग राहू दे हे." मी हसलो नाही तर ओळ तिथेच उडायची. बाकीची बस घोरत असायची.

त्याचा सगळ्यात गाजलेला लेख सतरंजीचा. परदेशातला कुणी एक माणूस मळकट गालिचे धुतो आणि लोक ते व्हिडिओ तासन्‌तास बघतात. दिगंबरही बघायचा. एका रविवारी तो, त्याची मुलगी आणि शेजारचे काका फोनला नाक लावून काळं पाणी निथळताना बघत बसलेले. आणि बसलेले कशावर, तर दिवाळीपासून पाणी न लागलेल्या सतरंजीवर. शेवटी बायको येऊन म्हणते, "अहो दिगंबर ढवळे, त्या गोऱ्याचा गालिचा वाळला असंल तर उठा आता, आपली सतरंजी भिजवायची हाय."

नाव तिथं घालण्यामागे कारण होतं. बसच्या ग्रुपवर तो स्वतःचं काही टाकत नसे. क्वालिटीवाल्यांना कामं नाहीत म्हणतील, ही भीती. तो वाचनवेड्या मित्रांच्या एका ग्रुपवर लेख पाठवायचा. तिथून ते गावभर फिरायचे आणि फिरताना खालचं नाव गळून पडायचं. त्याने नाव वर टाकून पाहिलं, तेही कापलं. मग त्याने ते थेट बायकोच्या तोंडी घातलं. वहिनी चिडल्या होत्या. "मी कधी नाव घेतलंय का तुमचं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. गावाकडच्यांनी वाचलं तर काय म्हणतील?" दिगंबर म्हणाला, "अगं, तुझ्या तोंडातलं कोण कापायलंय?"

कापलं. काही दिवसांनी लेख आमच्याच बसच्या ग्रुपवर आला, ‘अहो गणपतराव’ होऊन. मागच्या सीटवर लोक खिदळत होते. "हा गणपतराव माझ्या घरात कधी शिरला राव?" दिगंबर हसत म्हणाला. त्या दिवशी चौकात बस बराच वेळ अडकली, पण त्याने फोन काढला नाही.

त्याला फक्त स्वतःचं एक पुस्तक हवं होतं. "रद्दीत जाऊ दे की, पण माझं नाव घेऊन जाऊ दे," असं म्हणायचा. एका प्रकाशकाकडे सगळे लेख घेऊन गेला. तो म्हणाला, हे तर आम्ही कधीच फोनवर वाचलंय, तुमचंच कशावरून? वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांचंही तेच... फिरून आलेला मजकूर चालत नाही. त्याच्या जिवंतपणी त्याच्या चार ओळींना जागा नव्हती. तो गेल्यावर त्याच्यावरच्या माझ्या या लेखाला मात्र लगेच निघाली. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी इथं छापूनच व्यक्त करतोय.

शोकसभा निगडी प्राधिकरणातल्या दिगंबरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. आमच्या बसग्रुपचा अ‍ॅडमिन सतीश जाधव बोलायला उभा राहिला. माणूस वाईट नाही, पुढाकार त्यानेच घेतला होता. म्हणाला, "ढवळेसाहेबांना वाचायची फार आवड. त्यांना आवडला असता असा एक लेख वाचतो. लेखक अज्ञात आहे." आणि सतरंजी सुरू झाली. तोंडावर हात ठेवून लोक हसत होते. ‘अहो गणपतराव’ आलं आणि पहिल्या रांगेतल्या वहिनी उठल्या.

"कुणाचं वाचायलात हे?"

"फॉरवर्ड आलंय वहिनी. खाली नाव नाही."

"हाय नाव." हार घातलेल्या फोटोकडे वहिनींनी एकदा पाहिलं... मग भर सभेत म्हणाल्या, "दिगंबर ढवळे. अहो दिगंबर ढवळे, असं हाय तिथं. बोलणं माझं हाय आन् लिव्हलंय ह्यांनी."

"असेल वहिनी, असेल," जाधव मऊ आवाजात म्हणाला. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." मी ओरडलो, "अरे, त्याचाच आहे तो!" पण तोवर खुर्च्या सरकल्या होत्या, आणि शेजारच्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

अजूनही चाकणच्या चौकात बस अडकते. शेजारच्या सीटवर आता मी माझ्या डब्याची पिशवी ठेवतो; कुणी बसायला आलं तर बघून न बघितल्यासारखं करतो. परवा कोंडीत असतानाच ग्रुपवर सतरंजी पुन्हा आली, या वेळी ‘अहो बंडोपंत’. पुढून-मागून हसण्याचा आवाज येत होता, फोनवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मी बंडोपंतांना काढून वहिनींचं वाक्य होतं तसं केलं, खाली ‘लेखक : दिगंबर ढवळे’ असं लिहिलं आणि लेख परत पाठवला. बसमधलं हसणं थांबलं. जाधवने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं. त्याखाली जोडलेले हात येत गेले, एकापाठोपाठ एक. सतरंजी कुणी वाचली नाही.