साडूंचा लाल खडू

आमच्या साडूंनी आजवर एकाही खुर्चीवर, तिला आधी उलटी केल्याशिवाय, बूड टेकवलेलं नाही. लग्नाचा हॉल असो, दातांचा दवाखाना असो की बँकेच्या मॅनेजरची केबिन, साडू आत शिरले की पहिल्यांदा खुर्ची उचलतात, तिचे चारही पाय छताकडे करतात, चष्मा कपाळावर सरकवून तिचं पोट तपासतात आणि मग खिशातून लाल खडू काढून तिथे एक फुली मारतात. फुली म्हणजे रिजेक्ट. मग खुर्ची सरळ करून तिच्यावर अगदी शांतपणे बसतात. साडूंच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरवायला आम्ही गेलो होतो, तेव्हा मुलाच्या वडिलांनी चहा ठेवायला टीपॉय पुढे ओढला आणि साडूंनी तो सगळ्यांदेखत पालथा घातला. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, कपाळाला हात लावला. साडू म्हणाले, "पाहुणे, मुलगा चांगला हाय. टीपॉय मात्र भुशाचा हाय." लग्न झालं, संसारही सुखाचा चाललाय, आणि टीपॉय त्यांनी नंतर बदलला म्हणे. साडूंच्या खिशात एक हिरवा खडूही असतो, पास झालेल्या मालासाठी, असं मी ऐकून होतो. पण तो कोणी पाहिलेला नव्हता.

ही सवय नोकरीची. साडू मूळचे मावळातल्या एका खेड्यातले, पण बत्तीस वर्षं भोसरीच्या एका टूलरूममध्ये तपासनीस होते. केसाच्या जाडीइतका फरक दिसला तरी लोखंडाचा तुकडा लाल करून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर मोबाइलवर सुविचार पाठवतात. साडू लाकडाच्या नादी लागले. मोशीच्या बाजूला त्यांचा फ्लॅट आहे आणि खाली छप्पर असलेली पार्किंगची एक जागा आहे. गाडी नाही. स्कूटर ते बाहेर कडुनिंबाखाली उन्हापावसात ठेवतात आणि त्या जागेत त्यांचं कामाचं टेबल उभं असतं. कोणाच्या घरातून तुटका पाट, डगमगतं स्टूल, वाळवी लागलेली चौकट बाहेर पडली की ती चार दिवसांत त्या टेबलावर येते. "एवढी वर्षं लोखंड तपासलं," ते म्हणतात, "पण लोखंडाला वास न्हाई." आणि रंध्यातून निघालेली सागाची सालपटं नाकाशी नेऊन अत्तर हुंगल्यासारखी हुंगतात.

आता यात एकच अडचण होती. दोन वर्षांपासून साडूंचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप बशीवर वाजतो, शर्टाचं बटण लागायला वेळ लागतो. ताई म्हणाल्या, हत्यारं बंद करा. भाची फोनवरून म्हणाली, बाबा, बंद करा. डॉक्टरही जरा आडून तेच म्हणाले. साडूंचं उत्तर ठरलेलं होतं. "डॉक्टरनं गोळ्या घ्यायला सांगितल्यात, त्या घेतो. बाकी कुणी काय सांगितलं ते मला ऐकू आलं न्हाई."

या छंदात माझाही सहभाग आहे, असं मी लोकांना सांगतो. तो एका शब्दाचा आहे. दर रविवारी मी चाकणच्या कंपनीतल्या आठवड्याचा शीण घालवायला त्यांच्याकडे जातो आणि ते म्हणतात, "साडूसाहेब, जरा धरा." मी फळीचं दुसरं टोक धरतो. सात वर्षं मी धरतोय. करवत, रंधा, पटाशी यांतलं एकही हत्यार त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. एकदा मी होऊन रंधा उचलला, तर त्यांनी तो लहान मुलाच्या हातून चाकू काढून घ्यावा तसा अलगद काढून घेतला.

कुरुळीजवळ रस्त्याच्या कडेला कंपन्यांतून आलेली पॅकिंगची खोकी आणि जुनं फर्निचर विकायला मांडलेलं असतं. तिथे त्यांना एक मोडकी शिसवी खुर्ची दिसली. स्कूटर बंद पडलेली होती, म्हणून आम्ही खुर्ची घेऊन बसमध्ये चढलो. बसायला जागा नव्हती. साडूंनी खुर्ची मधल्या वाटेत मांडली आणि ते तिच्यावर बसले. (उलटी करून आधीच बघितली होती.) कंडक्टर आला. "आजोबा, खुर्चीचं लगेज लागंल." साडू म्हणाले, "तुमच्या सीटवर मी बसलोय का? न्हाई. मग माझंच तिकीट निम्मं करा." बस हसायला लागली, कंडक्टर हसायला लागला आणि मी खिडकीबाहेर बघत माझा यांच्याशी काही संबंध नाही असा चेहरा केला. तेवढ्यात बसने ब्रेक मारला आणि साडू ओरडले, "साडूसाहेब, धरा!"

पण लाकडाने त्यांनाही एकदा धडा शिकवला. माझ्या घरच्या जुन्या सागवानी कपाटाचे खण त्यांनी ऐन मे महिन्यात नव्याने बसवून दिले. व्हर्नियरने मोजून, टूलरूमच्या शिस्तीत. खण इतका नेमका बसला की ढकलला की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. साडू तो दहा वेळा उघडून मिटून ऐकत बसले. कुठल्याही सुताराने त्यांना सांगितलं असतं, की असं करू नका. पण विचारतो कोण? जुलैत लाकूड फुगलं आणि खण जो बसला तो बसलाच. आत माझ्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाची सगळी कागदपत्रं, आणि प्रवेशाचा तोच शेवटचा दिवस. मी हातोडी आणली. साडू कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "हात लावाल तर बघा. चूक माझी हाय, कपाटाची न्हाई." मग त्यांनी टेबलफॅन लावला, मुलीचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि साडेचार तास मांडी ठोकून त्या खणाला वारा घातला. खण उघडला तेव्हा कॉलेजची खिडकी बंद व्हायला पाऊण तास उरला होता. त्या दिवसापासून साडू मोजून फट सोडतात. "लोखंड शब्द पाळतं," ते म्हणाले. "लाकडासाठी पावसाळ्याला जागा ठेवावी लागती." बत्तीस वर्षं केसभर फरकासाठी माणसांना घाम फोडलेल्या गृहस्थांनी हे कबूल करायला काय लागलं असेल, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

गेल्या वर्षी त्यांची जुनी कंपनी बंद झाली आणि सामान भंगारात निघालं. त्यात एक लांब सागवानी बाक होता. शिफ्टचा भोंगा व्हायच्या आधी सगळे कामगार ज्याच्यावर बसून तंबाखू मळायचे, तो. बसायच्या दोन फळ्यांपैकी एक गायब, एक पाय लंगडा. भंगारवाले खालिदभाई साडूंना ओळखतात. ते म्हणाले, "ले जाओ काका, तुमचाच आहे. तुमच्याशिवाय कोण बघणार त्याला?" साडूंनी तो बाक टेम्पोत घालून आणला आणि जाहीर केलं, की दसऱ्याला हा सोसायटीच्या गेटपाशी मांडायचा. वॉचमन दिवसभर प्लास्टिकच्या फुटक्या खुर्चीत बसतो, ते त्यांना बघवत नव्हतं.

नेमकी तेव्हाच नोटीस आली. सोसायटीला विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवायचा होता आणि त्याला साडूंचाच कोपरा सोयीचा होता. सेक्रेटरी एक हिंजवडीला जाणारा सज्जन तरुण आहे. तो म्हणाला, "काका, पर्सनली घेऊ नका, पण पार्किंग फक्त वाहनांसाठी आहे." पुढच्या रविवारी गेलो तर टेबलाला माल वाहायच्या ट्रॉलीची चार चाकं लागली होती, एक रबरी भोंगा लागला होता, आणि पुढे नंबरप्लेट होती: एमएच १४, आणि शेजारी साडूंचा कंपनीतला टोकन नंबर. सेक्रेटरीने हताशपणे विचारलं, "हे चालतं का?" साडूंनी भोंगा वाजवत ते टेबल साऱ्या पार्किंगमधून दोन फेऱ्या फिरवलं. उतारावर ते निसटू नये म्हणून पुढून मी धरलं होतं, हे सांगायला नकोच. "धूर काढत न्हाई, पीयूसी लागत न्हाई," साडू म्हणाले. "तुमच्या इलेक्ट्रिकला चार्जर तरी लागतो."

नियमाशी साडू असे कितीही दिवस लढले असते. पण सोसायटीच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "काका, चाकांचं सोडा हो. तुमचा हात थरथरतो. उद्या बोटबीट गेलं तर? आम्ही तुमच्या काळजीपोटीच म्हणतोय." साडूंनी उजवा हात खिशात घातला. मग ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत टाइम द्या. बाक पुरा करतो. मग न्या टेबल."

मला भयंकर राग आला, तो अजून गेलेला नाही. नियम दाखवणाऱ्या माणसाशी भांडता येतं, काळजी करणाऱ्याशी भांडायची सोयच नसते. ज्याने आयुष्यभर हातांनी काम केलं त्याला काळजीच्या नावाखाली खुर्चीत बसवून ठेवायचं. आणि खुर्ची तरी कसली, भुशाची!

पण बाक काही पुरा होईना. नव्या फळीची कड सरळ करायला साडूंनी रंधा लावला आणि हात असा काही उसळला की कडेला खोल खड्डा पडला. त्यांनी रंधा पुसून डब्यात ठेवला, वर गेले, आणि मग खाली उतरलेच नाहीत. आठवडाभराने ताईंचा फोन आला. "अहो, बंद करा बंद करा म्हणून मीच मागे लागले होते. आता केलंय बंद, तर घर खायला उठलंय. काल माझ्या पोळपाटाला पॉलिश पेपर घासून घासून त्याची पुरी केलीय. त्यांना खाली न्या तेवढं."

तो अष्टमीचा दिवस होता. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दसरा. म्हणजे बाक व्हायचा तर त्याच दिवशी. मी अर्धी रजा टाकून गेलो. साडू गॅलरीत उभे होते. मी म्हटलं, चला खाली. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला आणि दोघेही तो थरथरताना बघत राहिलो. "हा पीस तुम्ही पास केला असता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नसता केला. मग माझा घ्या."

खाली आल्यावर त्यांनी रंधा काढला, धार बघितली आणि तो टेबलावर माझ्या बाजूला सरकवला. मग सात वर्षं मी जिथे उभा राहायचो त्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि दोन्ही तळवे फळीवर दाबले. "आज मी धरतो," ते म्हणाले. "तुम्ही मारा." लाकडावर दाबलेला त्यांचा हात जवळजवळ स्थिर होता. मी घामाघूम झालो. "खांदा वापरा, मनगट न्हाई. ओ, पापड लाटताय का?" असं तीन तास ऐकून घेतलं. खड्डा गेला, पण शेवटी त्यांनी फळीच्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावला तेव्हा खालून इतका उजेड दिसत होता, की मलाच लाज वाटली. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मी म्हटलं, "मारा फुली, मला वाईट वाटणार नाही." साडूंनी कड पुन्हा एकदा बोटाने चाचपली. "राहू द्या," ते म्हणाले. "पावसाळ्यात बसंल."

दसऱ्याला पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार होते आणि ताईंनी एमएच १४ टेबलालाही घातला होता. गेटपाशी बाक मांडला होता. सेक्रेटरी सोनं द्यायला आला आणि चाचरत म्हणाला, "काका, ते वाहन हलवायचं ठरलं होतं." साडू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ड्रायव्हर बदललाय. लर्निंग लायसनवर हाय. पक्कं झालं की बघू." पोरगं हसलं. चार्जर पलीकडच्या भिंतीवर बसतो का ते दिवाळीनंतर बघतो, म्हणालं. वॉचमन सकाळपासून बाकाच्या एका टोकाला ऐटीत बसला होता. साडू आणि मी दुसऱ्या टोकाला बसलो.

माझ्या हातातलं आपट्याचं पान खाली पडलं. खरं सांगायचं तर मी ते पाडलं. वाकलो आणि माझ्या फळीखाली लाल फुली शोधली. फुली नव्हती. तिथे हिरव्या खडूने एक बरोबरची खूण केलेली होती, वाकडीतिकडी, चार ठिकाणी थरथरलेली. मी वर आलो तेव्हा साडू रस्त्याकडे बघत होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली, माझ्या फळीवर दाबून ठेवले होते.