पंपावर राहिलेली मुलगी

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माझा नवरा आमच्या सात वर्षांच्या मुलीला भोकरदनजवळच्या एका पेट्रोल पंपावर विसरून पुढे निघून आला. दोघे धावड्याहून, माझ्या सासरहून, मोटारसायकलवर जालन्याला परत येत होते. पंपावर मागे बसणाऱ्याने उतरून पुढे जाऊन उभं राहायचं असतं. तशी ती उतरली आणि हवा भरतात तिथे जाऊन उभी राहिली. त्याने पेट्रोल भरलं, गाडी सुरू केली आणि दुसऱ्या बाजूने रस्त्याला लागला.

हे मला त्याच्या आधी कळलं. मी इथल्या एका दैनिकात काम करते. कार्यालयात पान लावत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तुमची मुलगी हितं पंपावर हाय. घाबरू नका, बिस्किट खाऊन राह्यली. आम्हाला वाटलं तिचे पप्पा पलीकडं गेले असतील, येतील. आता लई वेळ झाला."

माझा नंबर मुलीला पाठ होता. वडील येईपर्यंत तिला कुणाच्याही हवाली करू नका, असं मी सांगितलं आणि नवऱ्याच्या शर्टाचा रंग सांगितला. मग त्याला फोन लावला. रिंग जात होती, तो उचलत नव्हता. राजूरला तो चहासाठी थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "तू काय घेणार?" उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने सीटवर हात फिरवला. हे नंतर त्यानेच सांगितलं.

संध्याकाळी दोघे घरी आले. मुलगी रडलेली नव्हती. पंपावरच्या माणसांना तिने सांगितलं होतं, "पप्पा येतात. त्यांना आठवायला वेळ लागतो."

तोपर्यंत आमच्या घरात या गोष्टीला 'विसराळूपणा' म्हणत. नवरा एका बियाणे कंपनीत आहे. बियाण्याच्या प्लॉटमधलं भेसळीचं झाड तो बांधावरून ओळखतो आणि जेवणाचा डबा त्याच बांधावर विसरून येतो. नळ आला की मोटर सुरू करतो, टाकी वाहून अंगणात पाणी साचतं. गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत बाहेर जातो. प्रत्येक वेळी त्याला खरंच वाईट वाटतं. माफी मागताना तो पूर्ण लक्ष देतो.

पंपाच्या घटनेनंतर आम्ही छत्रपती संभाजीनगरला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांना त्याचं लहानपण पाहिलेलं माणूस हवं होतं, म्हणून दुसऱ्या खेपेला सासूबाईंना बरोबर नेलं. त्या सुरुवातीला ताठ बसल्या होत्या.

"हुशार होता हो डॉक्टरसाहेब. बिलकुल येडा न्हाई."

"हुशार आहेतच," डॉक्टर म्हणाले. "शाळेत कसे होते?"

मग सासूबाई बोलू लागल्या. एका पायात चप्पल घालून घरी यायचा. बैलं राखायला पाठवला तर बैलं दुसऱ्याच्या रानात आणि हा झाडावर. परीक्षेत पेपराची मागची बाजू बघितलीच नाही. सांगताना त्या हसत होत्या. मध्येच थांबल्या आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "मार बी लई खाल्ला यानं."

डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नसल्याच्या आजाराचं, निदान केलं. परतीच्या एसटीत सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. मग मला म्हणाल्या, "पोराची चुगली करून आले मी."

गोळ्या सुरू झाल्या. दुपारची भूक कमी झाली, ऑफिसमधली कामं वेळेवर होऊ लागली. सकाळी घेतलेल्या गोळीचा असर तो घरी येईपर्यंत उतरलेला असतो. संध्याकाळच्या आठवणी माझ्याकडेच राहिल्या. मोटर बंद केली का, मुलीची वही आणली का, दार लावलं का. हे प्रश्न मी विचारते आणि विचारताना माझा आवाज कसा होतो, तोही मला ऐकू येतो. मुलगी आता तसाच आवाज काढून बाहुलीला विचारते.

नात्यात ही गोष्ट पसरली. एका लग्नात माझे मोठे दीर मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, मोजून आणली का सगळी?"

"आणली की," नवरा म्हणाला. "फक्त तुझा आहेर पंपावर राह्यला."

सगळे हसले. घरी आल्यावर तो बराच वेळ गच्चीवर होता.

मी एक नियम केला होता. मुलगी त्याच्याबरोबर एकटी कुठेही जाणार नाही. त्यामुळे शाळा, शिकवणी, दवाखाना, धावडा, जिथे ती जाईल तिथे मी जात होते. आठवड्याची माझी सुटी त्यातच जाई. कार्यालयात मी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपू लागले.

दिवाळीनंतर त्याने एक उपाय सुचवला. गाडी थांबली की किल्ली मुलीच्या हातात द्यायची.

"ती बसल्याशिवाय गाडी सुरूच होणार न्हाई. बराबर आहे का न्हाई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पण म्हणजे तिनं तुमची राखण करायची. आता मी करते, पुढं तिनं."

त्याने किल्ली खुंटीला अडकवली. 

यंदा मे महिन्यात धावड्याला लहान नणंदेच्या मुलाचं जावळ होतं. त्या दिवसाची सुटी मला कार्यालयातून मिळाली नाही. मुलीने आठवडाभर आधीच फ्रॉक काढून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मम्मी, मी जाऊ का न्हाई, ते एकदा सांगून टाक."

मी उद्या सांगते म्हणाले. तेवढ्यात नवरा बाहेरून आला.

"गाडीची टाकी फुल्ल केली," तो म्हणाला. "जाऊन येऊन पुरतं. उद्या पंपावर थांबायचंच न्हाई. राजूरला बी न्हाई. चहा घरूनच पिऊन जातो."

"अन् तिला वाटेत उतरावं लागलं तर?"

"मंग मी तिच्या आधी उतरन."

मी मुलीच्या फ्रॉकला इस्त्री केली. सकाळी त्याने गोळी माझ्यासमोर घेतली. मुलगी मागे बसल्यावर त्याने माझी जुनी सुती ओढणी मागितली. तिच्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर बांधली आणि गाठ ओढून बघितली.

"पप्पा, घट्ट होतंय," ती म्हणाली.

"होऊ दे."

मी ओढणीची गाठ थोडी सैल केली आणि फाटक उघडलं. ते गेल्यावर मी कार्यालयात गेले. सकाळची बैठक झाली. त्याला फोन मी लावला नाही, कारण तो गाडी चालवताना उचलत नाही.

दुपारच्या आत सासूबाईंचा फोन आला.

"पोचले. पोरगी त्याच्या पाठीवर झोपलीय. पाव्हणे येऊन राह्यले अन् ह्यो अंगणात गाडीवरच बसून हाय. उतर म्हनलं तर उतरना. म्हनतो, ती उठू दे."