चौदा नंबरची डबी

गुणाजी तावडे तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. एकोणतीस वर्षं जनावरांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. म्हशीच्या मागून हात घालून शेण काढण्यात अख्ख्या आरे कॉलनीत आपल्या तोडीचा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. जमिनीवरचं शेण उचलताना कुणी दिसला की खेकसायचा, "ते कुणाचं ते तुला काय ठाऊक? मग टेस्ट कसली करतोस, डोंबलाची?"

यंदा म्हशी पाळणाऱ्या चंपाच्या गोठ्यात नव्या औषधाची चाचणी होती. म्हशींच्या लिव्हरमधल्या चपट्या जंतांवरचं औषध. सहा म्हशींना द्यायचं, सहांना नाही, आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकीच्या शेणातली जंतांची अंडी मोजायची. औषध घेतलेल्या म्हशींचं दूध तोवर गटारात. चंपा मुकाट ओतायची.

पंधराव्या दिवशी औषध दिलेल्या, कानात चौदा नंबरचा बिल्ला असलेल्या म्हशीने गुणाजीच्या मांडीवर अशी लाथ घातली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा तिच्या मागे जायची छाती होईना. पण घाबरलो म्हणून सांगायचं कुणाला? आणि तेही त्याने? शेजारच्या, औषध न दिलेल्या म्हशीचं शेण त्याने गुपचूप चौदा नंबरच्या डबीत भरलं.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टर क्षमाला त्या डबीत अंडीच अंडी दिसली. "बाकी पाचजणी साफ, मग हीच कशी राहिली? परत डोस देऊया." गुणाजीने मान हलवली. डोसही त्यानेच पाजला. चौदा नंबर दोन दिवस वैरणीला तोंड लावेना.

तिसऱ्या दिवशी क्षमा तिला बघायला आली. चंपा चौदा नंबरचं दूध पुन्हा गटारात ओतत होती. "गुणाजीभाऊ, तुमच्या हातचं काम आहे म्हणून ओतते हो. दुसरा कुणी असता तर हाकलून दिला असता."

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिथेच, दोघींसमोर, सगळं सांगून टाकलं.

क्षमाने वहीतली चौदा नंबरची ओळ खोडली. "लाथ मारते एवढंच सांगायचं होतं ना काका. पाय बांधले असते." तिने म्हशीचे मागचे पाय दोराने बांधले, हातमोजा चढवला आणि स्वतः शेण काढलं. दोन मिनिटांचं काम. गुणाजी शेपटी धरून उभा होता.

चंपाने रोजच्यासारखा चहा आणला. क्षमाला दुधाचा, गुणाजीला कोरा. मागे चुलीवर बाकीच्या म्हशींचं दूध तापत होतं. गुणाजी तो चहा खाली मान घालून प्यायला.