महासत्तेचे रोडगे

हसायचं ते आधीच हसून घ्या. कारण मी एका दुपारी देश कसा चालवायचा ते दाखवायला निघालो होतो आणि मला साधे रोडगे सांभाळता आले नाहीत.

मी हिवरखेडचा भाजीपालावाला. वांगी माझ्या मळ्यातली, मतं मात्र मोबाईलवरची. त्यातलं एक फार लाडकं : देश महासत्ता व्हायचा तर एकच माणूस पाहिजे, त्याचाच हुकूम पाहिजे आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवलं पाहिजे. हे मी पारावर रोज सांगायचो. लोक ऐकायचेही, कारण चहा माझा असायचा.

मग पोरीचं लग्न ठरलं. धामणगावचे व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून मळ्यात रोडग्यांचा बेत केला. पुण्याकडच्यांसाठी सांगतो, रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या आरात, भाजायचे. भोवती दहा माणसं बसतात आणि दहाही सल्ले देतात, अशी आमची रीत. मला ती रीत म्हणजे देशाच्या अधोगतीचं मूळच वाटली.

मी जाहीर केलं, "आज मी सांगीन तवाच रोडगे उलटवायचे. आन पाहुण्यापुढं वाईट बातमी आनायची नाई."

"तुमाले कवा जमले रोडगे?" बायको म्हणाली.

मी तिला विरोधी पक्ष ठरवून विहिरीपलीकडे भाजीवर पाठवलं.

व्याही आले. मी त्यांना आंब्याखाली बसवून महासत्ता समजावू लागलो. तेवढ्यात चुलतभाऊ गजानन आला.

"भाऊ, आर लय पेटला. जरा बाजूले करू काय?"

"तुले विचारलं काय मी?"

"नाई."

"मंग?"

गजानन गेला. थोड्या वेळाने मीच ओरडून विचारलं, "कसं चालू हाय रे?"

"एकदम बेस्ट, भाऊ."

बघा, कशी शिस्त. पुढे दोनदा विचारलं, दोनदा बेस्ट. धूर आंब्यापर्यंत आला.

"काई जळून राह्यलं काय हो?" व्याह्यांनी विचारलं.

"प्रगती म्हटली का धूर आलाच," मी म्हणालो. खरंच म्हणालो हो. आज आठवलं की कान गरम होतात.

शेवटी मी हुकूम सोडला. राखेतून निघाले ते काळे दगड. एक फोडून पाहिला, आतही कोळसाच. पोरीच्या सासरच्यांचं आमच्याकडचं पहिलं जेवण, आणि माझ्या हातात हे. मला रडू यायचंच बाकी होतं.

"गज्या, सांगतलं कावून नाई?"

"तुमीच तर म्हनलं, वाईट बातमी आनायची नाई."

तेवढ्यात विहिरीमागून बायको टोपली घेऊन आली. खरपूस, तुपाने माखलेले रोडगे. तिने पहिल्या हुकमानंतर लगेच तिकडे दुसरा आर पेटवला होता. म्हणजे त्या दिवशी आमची इज्जत वाचली ती निव्वळ देशद्रोहामुळे.

व्याही पोटभर जेवले. जाताना त्यांनी एक काळा रोडगा रुमालात बांधून घेतला.

"पोराले दाखवतो," ते म्हणाले. "तो बी मोबाईलवर लय महासत्ता पाहून राह्यला."

लग्न होऊन वर्ष झालं. तो रोडगा धामणगावला टीव्हीशेजारी ठेवला आहे. एकट्याचाच हुकूम चालवणाऱ्या मोठमोठ्या नेत्यांचे पुतळे लोक पुढे पाडतात म्हणे. माझा हा पुतळा मात्र जावई रोज फडक्याने पुसतो, असं पोरगी फोनवर सांगते.